तुकड्यातुकड्यांनी दिसणारा आजार

बायपोलर आजाराचं निदान सांगणारी रक्ताची तपासणी नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्येही तो दिसत नाही. या तपासण्या होतात त्या दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. निदान होतं ते हकिगतीवरून. आणि हकीगत सांगणारा माणूस त्या दिवशी ज्या मनःस्थितीत असेल, तेवढीच सांगतो. खचलेला म्हणतो, मी पहिल्यापासूनच असा नालायक. तेजीत असलेला म्हणतो, मला काही झालेलं नाही, जे काही झालंय ते घरच्यांना. म्हणून हा आजार ओळखायला डॉक्टरला आजचा दिवस पुरत नाही, मागची दहा वर्षं लागतात. आपल्याकडे नेमकी तीच एका जागी कुठे मिळत नाहीत.

आधी व्याख्या उरकून घेऊ. किमान सात दिवस मूड असाधारण चढलेला किंवा चिडका, अंगात न मावणारी ऊर्जा, झोप जेमतेम तीन तास आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, एक विचार संपायच्या आत दुसरा, पैसे उधळणं, भलती धाडसं; हा उन्माद, म्हणजे मेनिया. माणसाला दाखल करायची वेळ आली, तर सात दिवसांची अटही उरत नाही. तेच चित्र सौम्य असेल, संसार-नोकरी मोडण्याइतकं नसेल आणि किमान चार दिवस टिकलं असेल, तर हायपोमेनिया. नैराश्यासाठी किमान दोन आठवडे. आयुष्यात एकदा जरी खरा उन्माद येऊन गेला, तरी निदान बायपोलर-1. हायपोमेनिया आणि नैराश्य दोन्ही होऊन गेले, पण पुरा उन्माद कधीच आला नाही, तर बायपोलर-2.

व्याख्येत दोन्ही टोकं सारख्या वजनाची वाटतात. प्रत्यक्षात तसं नसतं. अमेरिकेत ल्यूइस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलर-1 असलेल्या 146 जणांची आठवड्या-आठवड्याची नोंद सरासरी पावणेतेरा वर्षं ठेवली आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे 47 टक्के आठवड्यांत या लोकांना काही ना काही लक्षणं होती, आणि नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून जास्त भरले. बायपोलर-2 मध्ये ही तफावत आणखी कितीतरी मोठी निघते. म्हणजे हा माणूस डॉक्टरसमोर येतो, तो बहुतेक वेळा नैराश्य घेऊनच. हायपोमेनियाची तक्रार घेऊन कोण जाणार? त्या दिवसांत तर कामं भराभर होतात, माणूस सगळ्यांना हवाहवासा वाटतो.

याचा परिणाम निदानाला लागणाऱ्या वेळावर होतो. पहिली लक्षणं दिसल्यापासून योग्य उपचार सुरू व्हायला जगभरात सरासरी सहाएक वर्षं जातात. आजार सुरू होतो तो बहुतेकांना पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान, म्हणजे ही सहा वर्षं शिक्षणाची, पहिल्या नोकरीची आणि लग्नाची असतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे 0.5 टक्के आलं. त्या वेळी आजारी असलेल्यांपैकी उपचाराविना असलेले निघाले 70 टक्के. (बारा राज्यांच्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला काही कारण नाही.)

समजा, बीडकडचा एक चोवीस वर्षांचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतोय. पूर्वपरीक्षेचा निकाल लागतो, नाव नसतं. महिनाभर अंथरुणातून उठवत नाही, मेसच्या डब्याला हात लावत नाही. रूममेट त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन जातो. तिथे तो 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. म्हणतो, डोकं जड राहतं, अंगात त्राण नाही, झोप येत नाही. डॉक्टर अनुभवी आहेत, नैराश्य ओळखतात, अँटिडिप्रेसंट सुरू करतात. यात वरकरणी चुकीचं काही नाही. तीन आठवड्यांनी मुलगा उठून बसतो. आणखी चार दिवसांनी तो पहाटे साडेतीनला अभ्यासिकेत असतो. पुढच्या आठवड्यात त्याला स्वतःची अकॅडमी काढायची असते, फ्लेक्सची ऑर्डर गेलेली असते, गावाकडून तीन जणांकडून उसने पैसे आलेले असतात. रूममेट निश्चिंत असतो, गाडी रुळावर आली म्हणून. एमपीएससीच्या अभ्यासिकेत रात्र रात्र जागणं हे आजाराचं लक्षण आहे, असं कुणाच्या लक्षात यावं?

दवाखान्यातल्या त्या पाच मिनिटांत दोन-तीन प्रश्न विचारले गेले असते, तर गोष्ट वेगळी होऊ शकली असती. 'मन प्रसन्न आहे का' या प्रश्नातून काही हाती लागत नाही. झोपेवरून विचारावं लागतं. मागे कधी असे चार-सहा दिवस गेलेत का, की झोप दोन-तीन तासच झाली आणि तरी ताजंतवानं वाटत होतं? त्या दिवसांत लोक म्हणाले का, की तू फार बोलतोयस, तुझं काहीतरी वेगळंच चाललंय? निद्रानाश झालेला माणूस झोपेसाठी तळमळतो, उन्मादाकडे निघालेल्याला झोपेची गरजच वाटत नाही. हा फरक मोठा आहे. मग घराणं. काका, आजी, मावशी, कुणाला 'मधूनमधून वेड लागायचं', कुणाला 'शॉक दिले होते', कुणी अचानक जीव दिला? आणि मूड चढण्याचं दुसरं कारण नाही ना: थायरॉइड, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइड, गांजा? हे सगळं रुग्णाला विचारायचं, आणि रूममेटला बाहेर न बसवता त्यालाही विचारायचं. सौम्य उन्माद ज्याला होतो त्याला तो आठवत नाही, शेजारच्या कॉटवरच्याला आठवतो.

मानसोपचारातही अँटिडिप्रेसंटवरून वाद बराच आहे. 2007 मध्ये 'स्टेप-बीडी' या मोठ्या अमेरिकी प्रकल्पातून एक चाचणी प्रसिद्ध झाली. बायपोलर नैराश्याच्या 366 रुग्णांना मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, चालूच होतं. निम्म्यांना वरून अँटिडिप्रेसंट दिलं, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. टिकाऊ सुधारणा झाली ती पहिल्या गटात 23.5 टक्के आणि दुसऱ्या गटात 27.3 टक्के लोकांमध्ये. म्हणजे वरून दिलेल्या औषधाने काही साधलं नाही. बायपोलर-1 मध्ये नुसतं अँटिडिप्रेसंट देऊ नये, यावर तर आता जवळपास एकमत आहे. या नैराश्यावर क्वेटियापीन, लॅमोट्रिजीन, लिथियम यांचा विचार आधी होतो. पण त्यासाठी आधी ते बायपोलर नैराश्य आहे हे कळावं लागतं.

सदाशिव पेठेतला मुलगा पुढे आपल्याला भेटतो तो कॅज्युअल्टीत, रात्री दोन वाजता, चार मित्रांनी धरून आणलेला. आता तो म्हणतोय की पुढचा मुख्य सचिव मीच, आणि आयोगाने पेपर मुद्दाम माझ्यापासून लपवले. ड्युटीवरच्या डॉक्टरला दिसतात ते भव्यतेचे भ्रम, संशय आणि आक्रस्ताळेपणा. कागदावर 'सायकोसिस' असं लिहिलं जातं आणि पुढे कुणीतरी त्याचं स्किझोफ्रेनिया करतं. महिन्याभरापूर्वी सुरू झालेल्या त्या पांढऱ्या गोळीचा उल्लेख कुठेच येत नाही, कारण चिठ्ठी रूमवर राहिलेली आहे.

कॅज्युअल्टीचं पहिलं काम मात्र नाव देण्याचं नसतंच. साखर, ताप, डोक्याला मार, दारू किंवा अमली पदार्थ, आणि औषधांची यादी, हे आधी. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा उन्माद आला, तर मेंदूत किंवा शरीरात कारण शोधल्याशिवाय बायपोलर म्हणू नये, हा जुना आणि शहाणा नियम आहे. मग शांत करणारं इंजेक्शन, बहुधा हॅलोपेरिडॉल किंवा लोरॅझेपाम, आणि चालू असलेलं अँटिडिप्रेसंट बंद. लिथियमचा असर व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर ओलांझापीन, रिस्पेरिडोनसारख्या औषधांवर वेळ निभावून न्यावी लागते.

इथे कायदाही येतो, आणि तो नातेवाइकांना ठाऊक असायला हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. 'मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, दुसरीकडे न्या' असं म्हणून परत पाठवायची गरज नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर आणि त्याच्या नियुक्त प्रतिनिधीच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रस्त्यावर सापडलेल्या आजारी माणसाला चौकीत डांबून न ठेवता आरोग्यसंस्थेत पोहोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे.

दाखल कुठे करायचं? महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे वॉर्ड आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांची तरतूद आहे. माझं मत विचाराल, तर पहिल्या उन्मादासाठी या दहा खाटा सर्वांत मोलाच्या. तिथे आई सोबत राहू शकते, आणि ज्याने दाखल केलं तोच डॉक्टर पुढे ओपीडीत भेटतो. नातेवाइकाने सोबत राहणं ही केवळ सोय नाही, तो उपचाराचा भाग आहे, हे भारतीय मानसोपचाराने फार पूर्वी ओळखलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून कुटुंबांना रुग्णासोबत ठेवलं होतं. घरच्यांना आजार समजला की रुग्ण लवकर घरी जातो आणि कमी वेळा परत येतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या मोठ्या भिंतींच्या मनोरुग्णालयांत बरीच चांगली माणसं काम करतात, पण तिथून बीड दूर आहे. तिथून बाहेर पडलेला रुग्ण बहुधा हातात महिनाभराच्या गोळ्या आणि 'उपचार चालू ठेवा' असं लिहिलेला कागद घेऊन एसटीत बसतो.

'शॉक'बद्दल दोन वाक्यं. आज तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच देता येतो, त्याशिवाय देण्याला 2017 च्या कायद्याने बंदी आहे. तीव्र, न खाणाऱ्या-न पिणाऱ्या नैराश्यात किंवा औषधांना न जुमानणाऱ्या उन्मादात तो जीव वाचवतो. सिनेमात दिसतो तो प्रकार वेगळा.

आता एका अशा जागेकडे वळू, जिथे बायपोलरचा विचार सहसा कुणाच्या मनातही नसतो: प्रसूतिगृह. प्रसूतीनंतरचा सायकोसिस हजारात एखाद-दोन बाळंतिणींना होतो. पण आईला बायपोलर-1 असेल, तर हा धोका साधारण पाचात एक इतका चढतो आणि तो बहुतांशी पहिल्या दोन आठवड्यांतच असतो. झोप मोडलेली असते, संप्रेरकं कोसळलेली असतात आणि त्यात औषध बंद. औषध का बंद असतं, हे आपल्या घरांना चांगलं माहीत आहे. मुलीचं लग्न ठरताना आजार लपवला जातो. हळदीच्या आधी गोळ्या बंद होतात, कारण सासरी पर्समध्ये स्ट्रिप सापडली तर काय? दिवस राहिल्यावर कुणी विचारत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तिथल्या डॉक्टरांना फक्त आयर्न-कॅल्शियमची फाइल दाखवली जाते. चौथ्या रात्री पोर झोपत नाही, गाणी म्हणते, बाळ देवाचा अवतार आहे म्हणते, आणि घरात कुजबुज सुरू होते की हिला कुणाची तरी नजर लागली, बाहेरचं काहीतरी झालं. एक ओळ, 'पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे', एवढी प्रसूतीच्या केसपेपरवर असती, तर पहिल्या रात्रीपासून तिच्या झोपेची व्यवस्था आणि औषध दोन्ही करता आलं असतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग चालतो. असे विभाग देशात अजून मोजकेच आहेत.

याच टप्प्यावर एका औषधाबद्दल ठामपणे बोलावं लागतं. व्हॅल्प्रोएट आपल्याकडे सर्रास दिलं जातं. उन्मादावर ते लवकर लागू पडतं, रक्तातली पातळी सतत मोजायची कटकट नाही. पण गरोदरपणात ते चालू राहिलं, तर दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक-भाषिक वाढीत अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ब्रिटनने 2018 पासून त्यावर कडक अटी घातल्या. गर्भनिरोधनाची पक्की सोय नसताना वीस वर्षांच्या मुलीला व्हॅल्प्रोएट सुरू करणं आणि तिला हे न सांगणं, याला सबब नाही.

पण या आजाराच्या उपचाराचा कणा अजूनही लिथियमच आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ जपानी कैदेत होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या मनोरुग्णालयात एका रिकाम्या स्वयंपाकघरात त्याने प्रयोग मांडले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असावं असा त्याचा तर्क होता. ती लघवी तो घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा आणि गिनीपिगना टोचायचा. तर्क चुकीचा होता. पण युरिक आम्ल पाण्यात विरघळावं म्हणून त्याने त्याचा लिथियम क्षार वापरला आणि गिनीपिग शांत पडले. बहुधा ती विषबाधेचीच सुस्ती होती. केडने मात्र आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मग 1948 मध्ये रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण 51 वर्षांचा, पाच वर्षं सलग उन्मादात असलेला. काही आठवड्यांत तो माणसांत आला, काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. केडचा लेख सप्टेंबर 1949 मध्ये छापून आला.

गोष्ट इथवरच सांगितली जाते बहुतेकदा. पुढची जास्त महत्त्वाची आहे. बरं वाटू लागल्यावर त्या रुग्णाने लिथियम सोडलं. आजार उलटला, तो परत दाखल झाला, परत लिथियम सुरू झालं, आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. रक्तातली पातळी मोजून औषध द्यायची पद्धत अजून बसायची होती. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून लिथियमचं मीठ विकलं गेलं आणि हृदयरोग्यांचे बळी गेल्यावर त्यावर बंदी आली. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊने 1954 पासून चिकाटीने चाचण्या केल्या, पातळी मोजत लिथियम सुरक्षित देता येतं आणि पुढचे झटके त्याने टळतात हे दाखवलं, तेव्हा कुठे 1970 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजही आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या मूड स्टॅबिलायझरकडे नाही. गोळी स्वस्त आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आणि तरीही ती कमी लिहिली जाते, कारण तिच्यावर नजर ठेवायला लागते आणि नजर ठेवणारं माणूस दर वेळी वेगळं असतं.

नजर म्हणजे नेमकं काय, ते बघा. रक्तातली पातळी दीर्घ उपचारात साधारण 0.6 ते 0.8 मिलीमोल प्रतिलिटर असावी. उन्मादात थोडी वर. 1.5 च्या वर विषबाधा. औषध आणि विष यांत एवढंच अंतर. नमुना द्यायचा तो शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी: रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी नमुना दिल्यानंतर. पेशंट शहाण्यासारखा सकाळी आठला गोळी घेऊन लॅबमध्ये जातो, पातळी उगाच जास्त दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभरात झटका येतो. आणखी एक गंमत लॅबमधली. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत नमुना घेतला की लिथियम न घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही लिथियम निघतं! याखेरीज मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी.

शरीर लिथियमला आणि मिठातल्या सोडियमला जवळपास सारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. म्हणून विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी एकादशी, रोजे, उन्हातली पायी वारी, या सगळ्यांचा या गोळीशी थेट संबंध आहे. रक्तदाब निघाला म्हणून फिजिशियनने मीठ बंद केलं आणि टेल्मिसार्टन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड सुरू केलं, गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याने डायक्लोफिनॅक दिलं, तरी तेच होतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. हात ठळक थरथरणं, चाल अडखळणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब दिसले की पुढची गोळी थांबवून पातळी तपासायची, वाट बघायची नाही. यात मानसोपचारतज्ज्ञ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. चूक होते ती हाडांच्या डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात, गॅस्ट्रोच्या सलाइनखाली. तिथे कुणी विचारलंच नाही आणि पेशंटने लाजेपोटी सांगितलं नाही.

गावाकडे परतलेल्या आपल्या मुलासाठी आता जवळची जागा म्हणजे तालुक्याचं उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, जिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरावीक वारी येते. हा कार्यक्रम कर्नाटकातल्या बल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावर बेतला आणि 1996 पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याचा खरा फायदा औषध फुकट मिळण्यापेक्षाही, पेशंटला ओळखणारी एक नर्स किंवा सामाजिक कार्यकर्ता असण्यात आहे. या महिन्यात पेशंट आला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. अडचणी ठरलेल्याच: गोळी संपलेली, लिथियमच्या पातळीचा नमुना शहरात पाठवावा लागतो, तज्ज्ञाची जागा रिकामी. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही चोवीस तास बोलता येतं. आत्महत्येचे विचार येत असतील किंवा घरात रात्री उन्माद चढत चालला असेल, तर सकाळपर्यंत न थांबता हा नंबर लावावा.

आणि देवस्थान. बहुतेक कुटुंबं दवाखान्याच्या आधी किंवा सोबतीने तिकडे जातातच, त्यांना झापून काही मिळत नाही. मारहाण, साखळ्या, उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे, तिथे मात्र तडजोड नको. तमिळनाडूतल्या एरवडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडात बांधलेले 28 रुग्ण आगीत जळून गेले, हे विसरता येणार नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाच्या उपक्रमात मुजावरच रुग्णांना आवारातल्या मानसोपचार ओपीडीकडे पाठवू लागले. अंगारा आणि गोळी एकाच पिशवीत राहू शकतात, फक्त गोळी वगळली जाऊ नये.

शेवटी घर, जिथे आजाराचा बहुतांश काळ जातो. बार्सिलोनात फ्रान्सेस्क कोलोम आणि सहकाऱ्यांनी 120 रुग्णांवर केलेला अभ्यास 2003 मध्ये आला. सगळ्यांना औषधं होती. निम्म्यांना आजाराची माहिती देणारी 21 गटसत्रं मिळाली, बाकीच्यांच्या गटाने नुसत्या गप्पा मारल्या. दोन वर्षांत गप्पांच्या गटात 92 टक्क्यांना आजार उलटला, माहिती मिळालेल्या गटात 67 टक्क्यांना. सत्रांमध्ये शिकवलं जातं ते अगदी साधं: झोपेची वेळ पाळणं, गोळ्या न चुकवणं, दारू-गांजापासून लांब राहणं आणि स्वतःची पूर्वचिन्हं ओळखणं. चिन्हं प्रत्येकाची ठरलेली असतात. कुणी मध्यरात्री जुन्या मित्रांना फोन लावू लागतो, कुणी अचानक घर रंगवायला काढतो, कुणाचे व्हॉट्सॲपचे मेसेज लांबच लांब होतात. सलग दोन रात्री झोप कमी झाली की डॉक्टरला फोन, हा नियम घरात आधीच ठरलेला असला तर दाखल होणं टळू शकतं. भांडणाच्या वेळी ठरवू म्हटलं तर ठरत नाही.

बरं असतानाच ठरवण्याच्या इतरही गोष्टी आहेत. 2017 च्या कायद्याने प्रत्येक प्रौढाला पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे: आजारी पडल्यावर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, माझ्या वतीने कोण बोलेल. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, बाकी वेळी होतो. त्याला जोडून घरगुती कागदावर एटीएम कार्ड, यूपीआयची मर्यादा, गाडीची चावी आणि सातबारा कुणाकडे राहील तेही लिहावं. आणि फाइलच्या पहिल्या पानावर हे असावं: निदान आणि ते कुणी, कधी केलं, आजवरचे झटके, सालासह, कोणत्या औषधाने गुण आला, कोणत्या औषधावर मूड चढला, लिथियमच्या शेवटच्या तीन पातळ्या, तारखांसह, काय चालत नाही. पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, कारण रात्री दोन वाजता फाइल कधीच सापडत नाही.

राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक ओपीडीत पहिल्या महिन्यातच येतो: गोळ्या किती दिवस? एकाच झटक्यानंतर किमान दोन वर्षं तरी, आणि झटके पुन्हा येत असतील तर कित्येक वर्षं, बऱ्याच जणांना कायम. लिथियम थांबवायचंच ठरलं, तर ते डॉक्टरच्या नजरेखाली किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवावं. एकदम बंद केल्यास उन्माद उसळून येण्याचा धोका पुढच्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यामुळे थांबवण्याचा मुहूर्त परीक्षेच्या, लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या तोंडावर काढू नये.